अपघातातील दुखापतीची भरपाई : नाशिक जिल्ह्यात दावा कसा दाखल करावा आणि रक्कम हाती कशी येते

द्वारका चौकात किंवा सिन्नरच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या वाहनाने धडक दिली, तर पोलीस ठाण्यात नोंदवलेला गुन्हा हा चालकाला शिक्षा व्हावी यासाठी असतो. जखमीला पैसे मिळण्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. गुन्ह्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही, आणि थांबूही नये.

अर्ज जखमी व्यक्ती स्वतः किंवा तिने अधिकार दिलेली व्यक्ती करू शकते. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो चालतो. म्हणून धुळ्याजवळ जखमी झालेल्या सातपूरच्या कामगाराला नाशिकमध्येच दावा करता येतो. वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले (प्रतिवादी) करावे.

अर्जासोबत प्रथम खबर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची विमा पॉलिसी व नोंदणीची प्रत, जखमेचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, वयाचा व उत्पन्नाचा पुरावा आणि बँक पासबुक जोडावे. औषधांची मूळ बिले मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत, कारण घरोघरी हीच सर्वांत आधी हरवतात आणि खर्च होऊनही तो सिद्ध करता येत नाही.

रक्कम ठरवताना उपचारखर्च, बुडालेली मजुरी, पुढील उपचार, वेदना आणि भावी कमाईतील घट यांचा स्वतंत्र विचार होतो. येथे अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्केवारी आणि कमाईतील घट एकच नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे : बोटे गमावलेल्या वेल्डरचे नुकसान तेवढ्याच टक्क्यांचा दाखला असलेल्या लेखनिकापेक्षा कितीतरी मोठे असू शकते. समजा, अंबडमधील ३४ वर्षांच्या वेल्डरची मासिक कमाई २०,००० रुपये आहे आणि तिच्यात ३० टक्के घट सिद्ध झाली. तर कमाईत पुढे झाली असती अशा वाढीचे ४० टक्के धरून वार्षिक ३,३६,००० रुपये, त्याला वयानुसार १६ चा गुणक (म्हणजे १६ ने गुणणे) आणि त्याचे ३० टक्के, म्हणजे या एकाच शीर्षाखाली १६,१२,८०० रुपये होतात. म्हणूनच नेमके कोणते काम आता जमत नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीतून पुढे आणण्याचा आग्रह वकिलांकडे धरावा. जखमीचाही काही दोष ठरला, तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

निवाडा झाल्यावर विमा कंपनीने ३० दिवसांत रक्कम भरायची असते. त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळू शकते. न्यायाधिकरण काही भाग खात्यात देऊन उरलेला मुदत ठेवीत गुंतवण्याचा आदेश देऊ शकते. रक्कम भरली गेली नाही, तर कलम १७४ खाली वसुली प्रमाणपत्र मागावे, त्यावर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करतात. निवाडा अमान्य असल्यास ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची ठरावीक भरपाई असून तिचा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर अपघात जेथे घडला तेथील प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे द्यावा लागतो.