कडप्पा अन् ग्रॅनाइट एकच? नाही हो!

‘दोन्ही दगड एकच, फरक फक्त पॉलिशचा’ हे लातूर-नांदेडकडं ओटा बसवताना हमखास ऐकायला मिळतं. साफ चूक. कडप्पा हा आंध्रातला चुनखडीचा दगड, अंगणातल्या शहाबादी फरशीचा भाऊबंद. ग्रॅनाइट मात्र जमिनीखाली खोल शिलारस सावकाश थिजून झालेला.

पारख सोपी. तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा. कडप्प्यावर फिकट डाग उरतो, चमक जाते. ग्रॅनाइटला लिंबाचं काही होत नाही. (तेल मात्र तोही पितो, सीलर मारूनच घ्या.)

कडप्पा स्वस्त, वाईट मुळीच नाही; फक्त ग्रॅनाइटच्या भावात घेऊ नका. आमच्या ओट्यावर चिंचेच्या कोळाच्या वाटीचा गोल अजून तसाच आहे.