पार्श्वभूमी: वाऱ्यावर सोडलेले गेम आणि ते विकणारी स्टोअर

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरने अर्ली ॲक्सेसमधल्या, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेल्या, काही गेमच्या पानांवर एक छोटी सूचना दाखवायला सुरुवात केली. वर्षाहून जास्त काळ अपडेट आले नसेल, तर शेवटचे अपडेट किती महिन्यांपूर्वीचे ते सांगायचे आणि डेव्हलपरने दिलेली माहिती व वेळापत्रक आता जुने झालेले असू शकते, एवढे नोंदवायचे. बस. गेम विक्रीतून निघत नाही, किंमत बदलत नाही, ज्यांनी आधीच पैसे मोजले त्यांना काही परत मिळत नाही. अर्ली ॲक्सेस सुरू होऊन तेव्हा जवळजवळ १२ वर्षे झाली होती. इतकी साधी गोष्ट करायला इतका वेळ का लागला, याचे उत्तर त्या १२ वर्षांतच आहे.

त्याआधीचा काळ लवकर आटोपता येतो. कार्ट्रिज किंवा सीडी विकली की दुकानदाराचा संबंध संपायचा. गेम बरा असो की वाईट, तो पुरा होऊन आलेला असायचा आणि कंपनी बुडाली तरी डिस्क चालायची. ‘अबँडनवेअर’ हा शब्द १९९७ च्या सुमारास रूढ झाला तो अशाच गेम्ससाठी: बाजारात मिळत नाहीत, सपोर्ट कोणी देत नाही, कॉपीराइट मात्र शाबूत. २००० साली आलेला ‘नो वन लिव्हज फॉरेव्हर’ पुन्हा विक्रीला आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याचे हक्क नेमके कोणाकडे आहेत हे संबंधित कंपन्यांनाही छातीठोकपणे सांगता येईना. अमेरिकेतल्या एका जतन संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २०१० पूर्वीचे ८७ टक्के गेम तिथे अधिकृतपणे विकत मिळत नसल्याचे दिसले. प्रश्न मोठा आहे, पण तो जतनाचा. दुकानाला जाब विचारण्याचा प्रश्न नंतर आला.

तो आला कारण दुकानाने विक्रीनंतरही ग्राहकाला सोडले नाही. स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला आणि खोक्यातली डिस्क घेतलेल्यालाही तो चालवायला स्टीमचे खाते उघडावे लागले. पुढच्या वर्षी इतरांचे गेमही तिथे विकले जाऊ लागले. करारात ग्राहकाचे नाव ‘सबस्क्रायबर’, आणि त्याला मिळतो तो परवाना. खाते, डाउनलोड, अपडेट, रिफंड, परीक्षणे, सगळे एकाच छताखाली आले. विक्रीतला ३० टक्के वाटा स्टोअरचा. (२०१८ च्या अखेरीपासून फार मोठ्या विक्रीच्या गेम्ससाठी तो २५ आणि २० टक्क्यांपर्यंत खाली येतो. अर्धवट राहणारे गेम सहसा त्या पायरीपर्यंत पोचत नाहीत.) एवढे सगळे हातात असूनही गेमच्या भवितव्याची गोष्ट निघाली की स्टोअर स्वतःला मध्यस्थ म्हणवून घेते. पुढचे जवळजवळ सगळे वाद या एका पवित्र्याभोवती फिरतात.

ऑगस्ट २०१२ मध्ये ग्रीनलाइट आले. कोणता गेम विकायला घ्यायचा हे खेळणाऱ्यांच्या मतांवर ठरू लागले. त्यातून निवडल्या गेलेल्या पहिल्या काही गेम्सपैकी एक होता ‘टाउन्स’. नोव्हेंबर २०१२ पासून तो इतर कोणत्याही तयार गेमसारखा विकला गेला, प्रत्यक्षात काम बरेच बाकी होते. मूळ निर्मात्यांनी तो २०१४ मध्ये दुसऱ्या डेव्हलपरच्या हवाली केला आणि मे महिन्यात त्यानेही हात वर केले. विक्री घटली होती, काम परवडत नव्हते.

दरम्यान मार्च २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेस सुरू झाले होते. हा मार्ग फसवणुकीसाठी काढला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. अर्धवट गेम ‘अर्धवट’ अशी पाटी लावून विकणे हे ‘टाउन्स’पेक्षा नक्कीच प्रामाणिक होते. पहिल्या तुकडीत १२ गेम होते आणि त्यांचे पुढे काय झाले हे पाहिले की अर्ली ॲक्सेसच्या सगळ्या शक्यता तिथेच दिसतात. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि गाजला. ‘प्रिझन आर्किटेक्ट’ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. ‘केन्शी’ला डिसेंबर २०१८ उजाडला, पण पूर्ण झाला. ‘स्टारफोर्ज’ मात्र २०१४ मध्ये, कबूल केलेल्या कितीतरी गोष्टी नसताना, ‘पूर्ण’ म्हणून जाहीर झाला आणि नंतर विक्रीतूनच गेला. म्हणजे गेम अर्धवट असताना ‘१.०’ असा पूर्ण आवृत्तीचा आकडा लावला, की स्टोअरच्या लेखी त्याला अर्धवट म्हणायची सोयच राहत नाही. ही पळवाट पहिल्या तुकडीतच सापडली होती.

२०१४ हे वर्ष या मार्गाला फार वाईट गेले. ‘द स्टॉम्पिंग लँड’ने आधी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे केले होते. मे महिन्यात तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला, डेव्हलपर गप्प झाला आणि काही महिन्यांत स्टोअरने विक्री थांबवली. सप्टेंबरमध्ये ‘स्पेसबेस डीएफ-९’ची पाळी आली. हा नावाजलेल्या स्टुडिओचा गेम होता, त्यामुळे धक्का जास्त बसला. आराखड्यातल्या बऱ्याच गोष्टी सोडून देऊन आहे तो गेम १.० म्हणून बाहेर काढण्यात आला, आणि कोड खेळणाऱ्यांना खुला करण्यात आला. कोड देणे हा चांगुलपणाच, पण पैसे गेम तयार होण्यासाठी दिले होते.

स्टोअरची भूमिका पक्की झाली ती याच वर्षी. जूनमध्ये ग्राहकांसाठीच्या माहितीत भर पडली, की गेम कधी पूर्ण करायचा हे डेव्हलपर ठरवतो, काही टीम गेम पूर्ण करू शकणार नाहीत, आणि आज आहे त्या अवस्थेत तो खेळावासा वाटत असेल तरच विकत घ्यावा. नोव्हेंबरमध्ये डेव्हलपरांसाठीचे नियम आले: पुढच्या गोष्टींची ठोस वचने देऊ नका, विक्री अगदी कमी झाली तर काम पुढे नेता येणार नसेल तर या वाटेने येऊ नका.

हा निर्णय आजही वादाचा आहे, आणि दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. स्टोअरच्या बाजूने सांगितले जाते ते असे: सॉफ्टवेअरचे काम कधी पुरे होईल हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुदत घालून दिली तर लोक नावापुरते १.० काढून मोकळे होतील, जसे ‘स्टारफोर्ज’चे झाले. शिवाय हळू चाललेला गेम आणि सोडून दिलेला गेम बाहेरून सारखेच दिसतात. ‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’ नोव्हेंबर २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि २०२५ मध्येही तिथेच होता, पण त्याला कोणी सोडलेला म्हणणार नाही. ‘७ डेज टू डाय’ने १.० गाठायला डिसेंबर २०१३ पासून जुलै २०२४ पर्यंत वेळ घेतला. वर्षांचा कडक नियम लावला असता तर हे दोन्ही गेम बाद झाले असते.

हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, फक्त त्यातून निघालेला निष्कर्ष पटत नाही. मुदत घालता येत नाही, म्हणून दुसरे काहीच करता येत नाही असे थोडेच आहे? शेवटचे अपडेट कधी आले हे स्टोअरला पहिल्या दिवसापासून माहीत होते, कारण प्रत्येक अपडेट त्याच्याच सर्व्हरवरून जाते. विक्रीचे पैसे डेव्हलपरकडे महिन्याच्या हिशोबाने वळते होतात. काही भाग ठरावीक टप्पे पूर्ण होईपर्यंत राखून ठेवता आला असता. विक्री चालू ठेवून पान साधे करता आले असते, पुढच्या योजनांची यादी झाकता आली असती, सवलतीच्या सेलमध्ये असे गेम घेणे बंद करता आले असते. यातले काहीच झाले नाही. नियम डेव्हलपरला ‘वचने देऊ नका’ म्हणाले. वचन मोडल्यास काय, यावर ते गप्प राहिले. सारी जोखीम वाचून-समजून घेण्याची जबाबदारी ग्राहकावर आली.

जून २०१५ मधल्या रिफंड योजनेने परिस्थिती सुधारली, पण वेगळ्या दुखण्यावर. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर कारण न विचारता पैसे परत. न चालणाऱ्या, फसव्या जाहिरातीच्या गेमवर हा चांगला उपाय ठरला. सोडून दिलेल्या गेमवर त्याचा उपयोग शून्य, कारण गेम सोडून दिला आहे हे कळायला १४ महिने लागतात, १४ दिवस नव्हे. शिवाय अर्ली ॲक्सेसमध्ये घालवलेला वेळही त्या २ तासांत धरला जातो.

त्यानंतर दारे आणखी उघडली. जून २०१७ मध्ये ग्रीनलाइट जाऊन डायरेक्ट आले. १०० डॉलर भरा आणि गेम लावा, विक्री १,००० डॉलरवर गेली की ते १०० परत. २०१८ मध्ये स्टोअरने जाहीर केले, की बेकायदेशीर किंवा निव्वळ खोडसाळपणाचे गेम सोडून बाकी सगळे घेऊ. निवड करणे आमचे काम नाही, हा पवित्रा आता लेखी झाला.

हौशी डेव्हलपर पळून जातात आणि मोठ्या नावांवर भरवसा ठेवावा, हा समज तोवर टिकून होता. तो ‘कर्बल स्पेस प्रोग्राम २’ने मोडला. अर्ली ॲक्सेसच्या पहिल्या तुकडीतल्या सर्वांत यशस्वी गेमचा हा दुसरा भाग, पाठीशी मोठा पब्लिशर, किंमत ४९.९९ डॉलर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो आला तेव्हा अडखळत चालायचा आणि पहिल्या भागातल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या. त्या टप्प्याटप्प्याने येतील असा आराखडा पानावर होता. २०२४ च्या मध्यावर स्टुडिओ बंद झाला. गेम विक्रीत राहिला, आराखडाही राहिला. पान पाहून नव्या ग्राहकाला काही कळण्यासारखे नव्हते. खालची संतापलेली परीक्षणे वाचली तरच. दुकानाने सांगायची गोष्ट आधी फसलेले ग्राहक सांगत होते.

आता याच्या शेजारी दोन उदाहरणे ठेवा. ‘द डे बिफोर’ ७ डिसेंबर २०२३ ला आला, चार दिवसांनी स्टुडिओने टाळे लावल्याचे जाहीर केले आणि कितीही तास खेळला असला तरी सगळ्यांना पैसे परत देण्यात आले. ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला, आणि त्याचेही पैसे परत मिळाले. २०२३ च्या जानेवारीत बंद पडलेल्या गूगलच्या स्टेडिया या ऑनलाइन गेम सेवेनेही विकलेल्या गेम्सचे पैसे फेडले होते. म्हणजे २ तासांची अट वाकवता येते, यंत्रणाही आहे. फरक एवढाच, की पहिल्या दोन गेम्सचा निकाल काही दिवसांत लागला आणि त्याची बातमी जगभर झाली. हळूहळू विझणाऱ्या गेमला बातमी होण्याचा तो दिवसच लाभत नाही.

न्यायालयांनी या काळात स्टोअरच्या पवित्र्याला दोन्ही दिशांनी धक्के दिले. ऑस्ट्रेलियात रिफंड न देण्यावरून २०१४ मध्ये स्टीमच्या कंपनीवर खटला झाला. आमचा तिथे धंदाच नाही आणि आम्ही वस्तू विकत नाही, हा बचाव २०१६ मध्ये फेटाळला गेला आणि ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. फ्रान्समध्ये २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयाने डिजिटल गेम पुन्हा विकायचा हक्क ग्राहकाला दिला, पण २०२२ मध्ये अपिलात तो गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवरही गेलाच. युरोपीय संघाच्या २०१९ च्या डिजिटल आशयाविषयीच्या निर्देशात मात्र तत्त्व सरळ आहे: ग्राहकाशी ज्याचा करार, कबूल केलेले आणि आवश्यक अपडेट पुरवण्याची जबाबदारी त्याची. तो करार स्टोअरशी असेल, तर मध्यस्थपणाची ढाल तिथे फारशी टिकायला नको. कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ म्हणू नका, हा तिथला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि स्टीमने काही महिने आधीच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. सुटी इन्स्टॉलर फाइल देणाऱ्या जीओजी या दुसऱ्या स्टोअरने तेवढ्यात आपली जाहिरात करून घेतली, आणि ती खोटीही नव्हती.

मोठा आवाज झाला तो ‘द क्रू’वरून. डिसेंबर २०१४ चा हा गेम एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पुढे ग्राहकांच्या खात्यांतले परवानेही काढून घेतले गेले. त्यातून युरोपात नागरिकांचा उपक्रम उभा राहिला आणि जुलै २०२५ मध्ये त्याने १० लाख सह्यांची मर्यादा ओलांडली. त्याची मागणी अशी, की पाठिंबा काढून घेताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा. ही मागणी पब्लिशरकडे आहे, स्टोअरकडे नाही. शिवाय अर्धवट सोडलेला एकट्याने खेळायचा गेम तिच्या कक्षेत येतच नाही, कारण तो चालतो. फक्त पूर्ण झालेला नसतो. त्या ग्राहकाकडे आज १४ दिवसांचा रिफंड आहे आणि वर्षभराने पानावर उमटणारी ती सूचना. सूचनेचे घड्याळ शेवटच्या अपडेटपासून मोजते, अपडेटमध्ये काय होते ते पाहत नाही. एखादी किरकोळ फाइल बदलली की ते पुन्हा शून्यावर.