कविता गटात वाचायची पद्धत आली कुठून?

चार-पाच छात्राध्यापकांनी, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांनी, एकत्र बसायचं, सगळ्यांच्या हाती एकच कविता, आणि तिचा अर्थ आपसांत बोलूनच लावायचा. प्राध्यापक खोलीत असले तरी गप्प. साहित्य शिकवण्याच्या प्रशिक्षणातली ही पद्धत १९७०-८०च्या दशकांतली मानली जाते. 'सहयोगी अध्ययन' हे नाव तेव्हा रुळलं, हे खरं. पण भावी शिक्षकांनी मिळून एखाद्या साहित्यकृतीचा कीस पाडायचा, ही प्रथा त्याहून दोन शतकांहून अधिक जुनी आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठात योहान मथियास गेस्नर यांनी अभिजात भाषांचं सेमिनार सुरू केलं, ते शाळांना चांगले शिक्षक मिळावेत म्हणून. तोवर धर्मशास्त्र शिकलेली मंडळी धर्मगुरूची जागा मिळेपर्यंत शाळेत शिकवत दिवस काढायची. १७८७ मध्ये हाले इथे फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ यांनी स्वतःचं सेमिनार काढलं आणि शिक्षकाचा पेशा धर्मगुरूच्या पेशापासून वेगळा काढायचा आग्रह धरला. या सेमिनारांत विद्यार्थी ग्रीक-लॅटिन उतारा उलगडून दाखवायचा, निबंध वाचायचा, आणि सहाध्यायी त्याच्या चुका काढायचे. व्याख्यान ऐकून टिपणं घेण्यापेक्षा हे अगदी निराळं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात मात्र सेमिनारांचा ओढा संशोधक घडवण्याकडे वळला. ज्यांच्यासाठी ही बैठक मांडली होती ते शिक्षक हळूहळू कडेला गेले, आणि त्यांच्या वाट्याला 'कसं शिकवावं' याचे नियम आले. वाङ्मयाचा अभ्यास एका इमारतीत आणि अध्यापनाचा दुसऱ्या, ही फाळणी आजही पुरती मिटलेली नाही.

या इतिहासात अँड्र्यू बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या मॉनिटर-पद्धतीलाही अनेक जण पूर्वज मानतात. मला ते पटत नाही. तिथे मोठं मूल लहान मुलाला पढवत होतं, पण पढवत होतं ते मास्तरांचंच. अर्थ नव्यानं लावायला त्यात जागा नव्हती.

खरा धक्का दिला तो केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी. कवीचं नाव झाकून त्यांनी विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि अभिप्राय लिहून मागवले. १९२९ मध्ये त्यांनी हे अभिप्राय पुस्तकरूपानं छापले, तेव्हा चांगले शिकलेसवरलेले वाचकही साधा शब्दार्थ चुकवतात, ठरावीक भावनांत वाहवत जातात, हे चव्हाट्यावर आलं. पण वाचक एकमेकांशी बोललेच नव्हते. त्यांची वाचनं शेजारी शेजारी मांडली आणि निदान केलं ते रिचर्ड्स यांनीच.

लुईझ रोझेनब्लाट यांचा कल वेगळा. १९३८ मध्ये त्यांनी मांडलं की साहित्यकृती वाचक आणि मजकूर यांच्या देवघेवीत घडते. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात त्यांनी अनेक वर्षं भावी शिक्षकांना शिकवलं. रॉबर्ट फ्रॉस्ट यांची एक चार ओळींची कविता त्यांनी वाचकांना कवीच्या नावाशिवाय दिली आणि वाचता वाचता मनात येईल ते टिपायला सांगितलं. सुरुवातीला बहुतेकांना नाटकाच्या प्रयोगाचीच गोष्ट दिसली: नाटक भरपूर चालणार, नट भांडताहेत. मग प्रकाशयोजनेत सूर्य आला आणि काही जण अडखळले, मागे फिरले. रंगमंच म्हणजे सारं जगच तर नव्हे? अर्थ असा पायरीपायरीनं बनताना कागदावर दिसला. अशा टिपणांची वर्गात अदलाबदल केली, की पहिलं वाचन अंतिम नसतं हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

यानंतरचा दुवा साहित्याच्या बाहेरून आला, तो वैद्यकीय शिक्षणातून. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. जे. अ‍ॅबरक्रॉम्बी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकीय विद्यार्थ्यांसोबत काम करत होत्या. हाताच्या दोन क्ष-किरण प्रतिमा दाखवून त्यांनी फरक विचारला. विद्यार्थी जे दिसतं ते सांगण्याऐवजी स्वतःचे निष्कर्षच 'दिसलं' म्हणून सांगत. लहान गटात एकमेकांचे निष्कर्ष तपासताना मात्र आपण काय गृहीत धरलं ते त्यांच्या ध्यानात येई. हे काम १९६० मध्ये प्रसिद्ध झालं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या केनेथ ब्रफी यांच्या ते उपयोगी पडलं. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं प्रवेश सर्वांना खुला केला, आणि ज्यांना नेहमीचा वर्ग झेपत नव्हता असे विद्यार्थी मोठ्या संख्येनं आले. वरून दिलेली मदत ते घेईनात. सोबत्याची मात्र घेत. त्यातून ब्रफी यांनी सिद्धान्त उभा केला: ज्ञान म्हणजे जाणत्यांच्या संवादात सामील होणं. १९८४चा त्यांचा लेख या क्षेत्रात आजही हमखास चर्चेत येतो. त्यावर पाच वर्षांनी जॉन ट्रिम्बर यांनी बोट ठेवलं: गटाचं एकमत झालं म्हणजे साधलं असं नव्हे, मतभेद कुठून येतात ते कळणं अधिक मोलाचं. माझं मत ट्रिम्बर यांच्या बाजूचं आहे.

इंग्लंडमध्ये डग्लस बार्न्स यांनी १९७६ मध्ये शाळकरी मुलांच्या गटचर्चा टिपून दाखवल्या. 'म्हणजे बहुतेक...', 'नाही, पण मग...' असं चाचपडत बोलणं त्यांनी विचाराचंच काम मानलं. शिक्षक समोर आला की मुलं तयार उत्तर द्यायला लागतात, हेही त्यांनी नोंदलं. प्रशिक्षणसंस्थांत त्या वेळी वारं होतं सूक्ष्म अध्यापनाचं: पाच-दहा मिनिटांचा पाठ, एक कौशल्य, आणि पाठ कसा झाला यावर लगेच प्रत्याभरण. कविता काय म्हणते, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हता.

मग छात्राध्यापकांनाच हे का हवं? उत्तर सापडतं समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांच्या १९७५च्या अभ्यासात. शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्यानं सुमारे १३,००० तास शिक्षकांना पाहिलेलं असतं, आणि शिकवणं म्हणजे काय ते तिथेच मनात पक्कं होतं. भावार्थ फळ्यावर उतरवून घेत वाढलेला माणूस शिक्षक झाला की भावार्थच उतरवून देतो. पाठटाचणात 'गटचर्चा' लिहून हे सुटत नाही. स्वतःचं वाचन सोबत्यासमोर डळमळीत झाल्याचा अनुभव आधी घ्यावा लागतो.

पण गट केला की संवाद होतोच असं नाही. १९९०च्या दशकात हार्वी डॅनियल्स यांनी वाचनमंडळांसाठी प्रश्न काढणारा, दुवे जोडणारा अशा भूमिका ठरवून दिल्या. पुढे त्या कागदांचंच कर्मकांड होऊ लागलं, तेव्हा २००२च्या आवृत्तीत त्यांनी त्यांवरचा भर कमी केला. पॅम ग्रॉसमन, सॅम वाइनबर्ग आणि स्टीफन वुलवर्थ यांनी एका शहरी माध्यमिक शाळेतल्या इंग्रजी आणि इतिहासाच्या शिक्षकांना एकत्र वाचायला बसवलं. सुरुवातीला सगळे गोड बोलत, वाद टाळत. संशोधकांनी त्याला खोटा एकोपा म्हटलं. त्यातून बाहेर पडायला वेळ लागला, आणि तो प्रकल्प चालला अडीच वर्षं. छात्राध्यापकांच्या गटाला मिळतात एका सत्रातल्या काही तासिका.