ऑस्लो ते बर्गन : ट्रेन, बोट, बस आणि मधे फ्लॉमला एक रात्र (बुकिंगआधी वाचायचं माहितीपत्रक)

नॉर्वेसाठी आम्हाला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "ते एका दिवसात ट्रेन-बोट सगळं होतं ना, ते करून द्या." होतं, आम्ही करूनही देतो, पण पैसे भरायच्या आधी हे पत्रक एकदा घरातल्या सगळ्यांनी वाचा, खास करून आई-बाबा बरोबर येणार असतील तर.

आधी रस्ता समजून घ्या. सकाळी ऑस्लोहून बर्गनच्या गाडीत बसायचं. हा रेल्वेमार्ग १९०९ साली पूर्ण झाला आणि डोंगरमाथ्यावर फिन्से स्टेशनला तो १,२२२ मीटर उंचीवर जातो, तिथं गाडीरस्ता पोचतच नाही, जायचं तर रेल्वेनेच. फिन्सेच्या पुढे मिर्दालला उतरायचं, ऑस्लोपासून साधारण पावणेपाच तास. मिर्दालला फ्लॉमची छोटी गाडी पकडायची, तासाभरात खाली फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या) काठाला फ्लॉम. तिथून दोन तासांची बोट गुडवांगेनपर्यंत, मग तासाभराची बस व्हॉसपर्यंत, आणि व्हॉसहून परत ट्रेन, सव्वा तासात बर्गन. उलट्या दिशेनेही होतं. हे सगळं एकत्र "नॉर्वे इन अ नटशेल" नावाने विकलं जातं, आणि इथेच गैरसमज होतो, कारण लोकांना वाटतं पॅकेज आहे म्हणजे टूर लीडर असणार. तसं काही नाही. तिकिटांचा गठ्ठा आहे तो, झेंडी घेऊन पुढे चालणारं कोणी नसतं, बॅगा आपल्या आपण उचलायच्या, स्टेशनही आपणच बघायचं.

आता आमचं मत. एका दिवसात करू नका, फ्लॉमला एक रात्र राहा.

का, तर हिशोब करा ना, सकाळी ऑस्लो सोडलं की मधल्या थांबण्यासकट बारा तास तरी होतातच, आणि बोटीत बसेपर्यंत तुम्ही इतकं बघितलेलं असतं की ज्याच्यासाठी एवढे पैसे घातले तो फ्योर्ड अर्ध्या झोपेत जातो. दुसरं म्हणजे फ्लॉम हे अगदी टिचभर गाव आहे, धक्क्याला मोठं क्रूझ जहाज लागलं की दुपारी तिथं जत्रा असते, पण संध्याकाळी जहाज गेलं की गाव तुमचंच. जूनमध्ये रात्री दहालाही चांगला उजेड असतो, जेवून काठाकाठाने फिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेगास्टाइनला जाऊन या, आउरलान्डच्या वरच्या डोंगरात फ्योर्डपासून ६५० मीटर उंचीवर लाकडी पूल बाहेर काढलाय आणि टोकाला फक्त काच आहे, चक्कर येणाऱ्यांनी मागेच उभं राहावं. मग दुपारच्या बोटीने पुढे. फ्लॉमला खोल्या मोजक्या आहेत आणि उन्हाळ्यात लवकर संपतात, त्या नाही मिळाल्या तर आम्ही शेजारच्या आउरलान्डला बघतो, तेही गाव छान आहे, उलट शांत आहे.

फ्लॉमच्या गाडीबद्दल

लोणावळ्याचा घाट आपल्या सगळ्यांना माहितीये, मागे इंजिनं लावून गाडी चढवतात तो. त्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. फ्लॉमच्या मार्गाचा आहे १८ ला १, दुपटीहून जास्त, आणि तोही दातेरी रूळ न लावता साध्या रुळांवर. जेमतेम २० किलोमीटरात गाडी ८६० मीटरहून जास्त खाली उतरते, २० बोगदे लागतात, त्यातले १८ हातांनी खोदलेत, एकेका मीटरला महिना-महिना लागला म्हणतात. १९४० साली हा मार्ग सुरू झाला. एका ठिकाणी गाडी डोंगराच्या पोटातच गोल वळून खाली येते, त्यामुळे मगाशी डावीकडे दिसलेली दरी उजवीकडे येते, म्हणून "कुठल्या बाजूला सीट घेऊ" यावर फार भांडू नका. ब्रेक कसे धरतील ही काळजी आमच्याकडे हमखास विचारली जाते, गाडीला पाच वेगवेगळ्या ब्रेक यंत्रणा आहेत.

मधे च्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी पाचेक मिनिटं थांबते, सगळे उतरतात. लाकडी फलाट कायम ओला असतो, तुषार थेट अंगावर येतात, मोबाइल पिशवीत ठेवूनच उतरा आणि चपला-सँडल नकोत. उन्हाळ्यात धबधब्याच्या बाजूच्या खडकावर लाल कपड्यातली एक बाई गाण्यावर नाचताना दिसते, ती हुल्द्रा, त्यांच्या लोककथेतली माणसांना भुलवणारी रानातली बाई. काही लोकांना हे फार नाटकी वाटतं, लहान मुलांना मात्र जाम आवडतं. शिटी झाली की लगेच आत या.

बोट

बोट आधी आउरलान्डफ्योर्डमधून जाते आणि मग वळून नेरॉयफ्योर्डमध्ये शिरते. हे दोन्ही सोग्नेफ्योर्डचे फाटे, जो नॉर्वेतला सगळ्यात लांब, दोनशे किलोमीटरच्या वर आत घुसलेला, आणि सगळ्यात खोल ठिकाणी १,३०० मीटर. हिमनद्यांनी डोंगर कोरून काढले आणि नंतर त्यात समुद्र शिरला, म्हणून खाली खारं पाणी आणि दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. नेरॉयफ्योर्ड एका जागी फक्त २५० मीटर रुंद आहे, डोंगर हजार मीटरच्या वर, मान दुखते वर बघून. २००५ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. या मार्गावर २०१८ पासून पूर्ण बॅटरीवर चालणारी बोटही आहे, इंजिनाची घरघर नाही, धुराचा वास नाही, मधेच डोंगरावरच्या शेळ्यांच्या घंटा ऐकू येतात. वाटेत उंद्रेदाल गाव लागतं, शेळीच्या दुधाच्या चीजसाठी प्रसिद्ध, तपकिरी आणि गोडसर असतं ते, थोडं खव्याच्या अंगाने जाणारं.

आत काचेमागे बसायला छान आहे पण फोटो बाहेरूनच येतात, आणि बाहेर जुलैतही वारा बोचतो. टोपी, पातळ जॅकेटवर वाऱ्या-पावसाचं दुसरं जॅकेट, एवढं हवंच. छत्री नको, उलटी होते. बर्गनला तर वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो, तिथं "पाऊस आला म्हणून ट्रिप वाया गेली" असं म्हणायची सोयच नाही.

कधी जावं याचं थोडक्यात सांगायचं तर मे अखेर ते जून मध्य. बर्फ वितळत असतं त्यामुळे धबधबे भरून वाहतात, वर फिन्सेला अजून पांढरं आणि खाली फ्लॉमला हिरवंगार, मुलांच्या सुट्ट्याही जमतात. जुलै-ऑगस्ट ऊबदार पण गर्दी आणि भाव दोन्ही वर. हिवाळ्यातही हा मार्ग चालू असतो पण डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं, बोट आधी आणि झोप नंतर असं वेळापत्रक लावावं लागतं.

बॅगा हा खरा डोकेदुखीचा भाग आहे. ट्रेन, ट्रेन, बोट, बस, परत ट्रेन, एवढ्या वेळा मोठी सुटकेस चढवायची-उतरवायची म्हणजे सुट्टी की हमाली. मोठ्या बॅगा ऑस्लोच्या हॉटेलातून थेट बर्गनच्या हॉटेलात पाठवायची पैसे देऊन सोय होते, ती आम्ही बुक करतो, तुम्ही एका रात्रीपुरती पाठीवरची सॅक ठेवा. हा खर्च कापू नका, दुसरा कापा.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी मिळतं पण निवड कमी आणि महाग. एक क्रोनर (नॉर्वेचं चलन) आठ-नऊ रुपयांच्या आसपास धरा आणि मेन्यू बघून मनात गुणाकार करणं पहिल्याच दिवशी सोडून द्या. थेपले, चिवडा, चटणी, भाकरवडी खुशाल न्या, पण युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. रोख रक्कम जवळजवळ लागत नाही, कार्ड सगळीकडे चालतं. रविवारी बहुतेक मोठी किराणा दुकानं बंद, शनिवारीच काय ते घेऊन ठेवा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे त्याच व्हिसावर डेन्मार्क-स्वीडनही जोडता येतं. अर्ज मात्र जिथे जास्त रात्री त्या देशाकडे करायचा. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, १५ दिवस आधीपर्यंत चालतो असं नियमात असलं तरी त्या भरवशावर राहू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. ३० हजार युरोचं प्रवास विमा कव्हर सक्तीचं आहे.

फोन कराल तेव्हा चार गोष्टी हाताशी ठेवा, कुठल्या तारखा, किती जण आणि कोणाचं वय काय, पासपोर्ट कधी संपतो, आणि कोणाचे गुडघे दुखतात का. शेवटचं लाजून सांगत नाहीत लोक, पण आम्ही गाड्या बदलताना किती वेळ मोकळा ठेवायचा ते त्याच्यावरच ठरवतो.