लाल सिग्नल समोर असताना गाडी पुढे का जाते?

रेल्वे अपघाताची बातमी आली की खालच्या कमेंट ठरलेल्या, ड्रायव्हर झोपला असणार, मोबाईल बघत असणार, सस्पेंड करा. अहवालात "मानवी चूक" आलं की विषय संपला. मला तर खरा विषय तिथून पुढेच वाटतो, ती चूक होण्याची सोय कोणी करून ठेवली होती?

5 ऑक्टोबर 1999, लंडन. पॅडिंग्टन स्टेशनहून सकाळी सुटलेली एक लोकल लॅडब्रोक ग्रोव्हजवळ एसएन 109 नंबरचा लाल सिग्नल ओलांडून गेली आणि समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसवर आदळली. 31 माणसं गेली, त्यात दोन्ही ड्रायव्हर. आता हे बघा, हाच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा असाच ओलांडला गेला होता. आपल्याकडे कोणीतरी जागा बाधित आहे म्हणून शांत करायला लावली असती! बाधा कसली, ओव्हरहेड वायरच्या सांगाड्यात सिग्नल झाकला जायचा, लाल दिवा इतर दिव्यांच्या ओळीत नसून बाजूला होता, आणि त्या सकाळी पाठीमागून येणारं तिरपं ऊन थेट सिग्नलच्या काचांवर पडत होतं, अशा वेळी न पेटलेला दिवासुद्धा पेटल्यासारखा वाटतो.

पण मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवते ती एडब्ल्यूएस नावाची, ड्रायव्हरला पुढच्या सिग्नलची आवाजाने सूचना देणारी यंत्रणा. सिग्नलच्या साधारण 180 मीटर आधी रुळांच्या मधोमध दोन चुंबकं असतात, एक कायमचं, दुसरं विजेवरचं. गाडीच्या पोटाखालचा रिसीव्हर पहिल्यावरून गेला की सर्किट धोका धरूनच चालतं. सिग्नल हिरवा असेल तर दुसऱ्या चुंबकात वीज असते, त्याचा उलटा ध्रुव सेकंदभरात मिळाला की घंटी वाजते. नाही मिळाला तर भोंगा. म्हणजे वायर तुटली, वीज गेली तरी भोंगाच, किती सुंदर डोकं लावलंय! भोंगा वाजला की दोनेक सेकंदांत ड्रायव्हरने बटण दाबायचं, नाहीतर ब्रेक आपोआप लागतात. दाबलं की समोरची चकती काळी-पिवळी होते आणि पुढचं सगळं ड्रायव्हरच्या हातात.

घोळ इथेच आहे. पिवळा, डबल पिवळा (दोन्ही सावध राहा म्हणणारे) आणि लाल, तिघांना भोंगा एकच, चकतीही तीच. गर्दीच्या मार्गावर दिवसभर पिवळे सिग्नल लागतात, भोंगा-बटण, भोंगा-बटण, हे इतकं अंगवळणी पडतं की डोक्याला कळायच्या आत बोट काम उरकून मोकळं होतं, सकाळचा अलार्म आपण झोपेतच बंद करतो तसं. एसएन 109 ला पण बटण दाबलं गेलं होतं. चुंबक, सर्किट, ब्रेक सगळ्यांचा विचार झाला होता, फक्त हजाराव्यांदा तोच भोंगा ऐकणाऱ्या माणसाचा राहून गेला.

नंतर ब्रिटनने टीपीडब्ल्यूएस नावाची आणखी एक यंत्रणा बसवली, ती पिवळ्याला काही बोलत नाही, लाल ओलांडला की सरळ ब्रेक लावते.

आपल्याकडे सध्या कवच, म्हणजे गरज पडली की आपोआप ब्रेक लावणारी आपली यंत्रणा, आलं की अपघात शून्य असे फॉरवर्ड फिरतात. कवच चांगलंच आहे, लवकर सगळीकडे यावं, पण ते सिग्नल सांगेल तेच खरं मानतं. 2 जून 2023 ला बालासोरला कोरोमंडल एक्स्प्रेसच्या लोको पायलटला (ड्रायव्हरला) हिरवा सिग्नल होता, तो त्याने पाळला आणि गाडी मुख्य मार्ग सोडून बाजूच्या लूप लाईनवर उभ्या मालगाडीवर गेली. तिथे रुळाकडेच्या सिग्नल बॉक्समधल्या वायरींवर लेबलंच चुकीची होती, रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात तसं लिहिलंय.