खड्डा जुना, रोप नवे

जून उजाडला की माझ्या फोनवर वृक्षारोपणाची निमंत्रणे येऊ लागतात. यंदाच्या पहिल्याच निमंत्रणातले टेकडीचे नाव वाचून हसू आले. गेल्या वर्षी याच टेकडीवर, याच खड्ड्यांत आम्ही रोपे लावली होती. त्याच्या आदल्या वर्षीही. तेव्हा सव्वाशे माणसे आली होती, वडापाव कमी पडले होते. यंदा 'येतो' असे कळवणारे अकरा. लोकांचा उत्साह संपला, अशी आयोजकांची तक्रार आहे. मला वाटते, लोक शहाणे झालेत. आपण लावलेले झाड जागेवर दिसत नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा चिखल तुडवायला कोण येईल?

एप्रिलमध्ये मी त्या टेकडीवर एकटाच गेलो होतो. करंजाचे एक वाळलेले रोप धरून ओढले, तर ते वाफ्यातल्या मुळ्यासारखे अलगद हातात आले. माती झटकली आणि खाली दिसली चकली. अगदी सोऱ्यातून पाडल्यासारखी. पिशवीच्या बुडाशी पोहोचलेले सोटमूळ तिथेच वळून गोल गोल फिरत राहिले होते. नऊ महिने जमिनीत राहूनही एक मूळ बोटभर बाहेर गेले नव्हते. शेजारच्या खड्ड्यात तर काळी पिशवीच शाबूत होती. कोणीतरी पिशवीसकट रोप पुरून, वर माती दाबून, फोटो काढून घरी गेले होते.

वनमहोत्सवाची सुरुवात १९५० साली झाली. तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांची ती कल्पना. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा खड्ड्यांचा. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी रोपांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी ४ कोटींचा, मग १३ कोटींचा आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचा. त्याच वर्षी इथिओपियाने एका दिवसात ३५ कोटी रोपे लावल्याचा दावा केला. हे सगळे आकडे लावण्याचे आहेत. जगण्याचा आकडा दुसऱ्या वर्षी मोजावा लागतो आणि त्या मोजणीला ना मंडप असतो, ना पाहुणे.

रोप कशाने मरते? 'पाण्यावाचून', असे कोणीही सांगेल. उत्तर बरोबर आहे, पण त्यातली खरी गंमत आत आहे आणि ती सांगायचा मोह मला आवरत नाही.

मुळे पाणी शोषतात आणि ते पानांपर्यंत चढते, हे शाळेत शिकवतात. कसे चढते, हे कोणी विचारत नाही. पंपाने वरून कितीही ओढले तरी पाणी साधारण १०.३ मीटरच्या वर येत नाही, कारण त्याला ढकलणारा असतो हवेचा दाब आणि त्याची ताकद तेवढीच. पण नारळ वीस-वीस मीटर जातो. कॅलिफोर्नियातली रेडवूड झाडे ११५ मीटरपर्यंत जातात. खाली मोटार नाही. मुळांतून थोडासा दाब येतो, पण तो एवढ्या उंचीला पुरत नाही. मग खोडातल्या जिवंत पेशी पाणी वर ढकलत असतील का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडे बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली. विष चढत गेले, वाटेतल्या पेशी मरत गेल्या, तरी द्रावण वर जातच राहिले. थांबले ते पाने मेल्यावर. जगदीशचंद्र बोसांना मात्र हे पटत नव्हते. जिवंत पेशींच्या स्पंदनांनी रस चढतो, असे त्यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहून मांडले. माणूस थोर होता, पण हा तर्क टिकला नाही.

टिकला तो डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये मांडलेला विचार. पाणी वर ढकलले जात नाही, ओढले जाते. पानाच्या आत ओलसर पेशीभित्तिका असतात आणि त्यांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची बारीक दारे, उघडली की या छिद्रांतले पाणी उडून जाते आणि उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग आत खेचला जाऊन वाकतो. वाकलेला पृष्ठभाग पृष्ठताणामुळे मागच्या पाण्याला ओढतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून हा ओढा पानापासून देठात, देठातून खोडातल्या जलवाहिन्यांत आणि तिथून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोहोचतो. म्हणजे झाडात पाण्याचा अखंड दोर असतो. वरचे टोक सूर्याच्या हातात, खालचे मातीच्या मुठीत.

आता जरा आकडे. एक वातावरण म्हणजे हवेचा नेहमीचा दाब, पाणी १०.३ मीटर चढवणारा. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रातला असा वाकलेला पृष्ठभाग सुमारे १४० वातावरणांइतका ताण पेलू शकतो. दुपारी अनेक झाडांच्या जलवाहिन्यांत प्रत्यक्ष १० ते २० वातावरणांचा ताण असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन वातावरणांचा दाब भरतात, त्याच्या पाच ते नऊ पट आणि तोही उलट्या दिशेने. भौतिकशास्त्रात याला ऋण दाब म्हणतात. आणि हवा केवढी ओढते? सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर कोरड्या हवेचा ओढा ९०० वातावरणांच्या वर जातो. विदर्भातल्या एप्रिलच्या दुपारी, ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर तो २००० च्याही पुढे भरतो. हे गणित लॉगॅरिथमचे आहे, ज्यांना कंटाळा आला त्यांनी सोडून द्यावे. मुद्दा एवढाच की हवा पाण्यासाठी वखवखलेली असते आणि ती आणि माती यांच्यामध्ये उभी असते ती दीड फुटाची काडी.

एवढा ताणलेला दोर कधीतरी तुटणारच. मातीतून पाणी येईनासे झाले आणि वरून ओढ चालू राहिली की एखाद्या जलवाहिनीत बुडबुडा शिरतो. क्षणात ती नळी वाफेने भरते आणि कामातून जाते. नळ्यांच्या भिंतींत खाचा असतात, खाचांत पातळ पडदे असतात आणि ते बुडबुड्याला शेजारच्या नळीत जाण्यापासून अडवतात. पण ताण वाढला की पडद्याच्या छिद्रातूनही हवा खेचली जाते. एक नळी गेली की तिचा भार उरलेल्यांवर पडतो, त्यांचा ताण वाढतो, मग आणखी एक जाते. हे तुटणे ऐकूही येते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी कोमेजणाऱ्या पानाच्या देठाला संवेदक जोडून हे 'टक् टक्' नोंदवले. पान कशाचे होते? एरंडाचे. ओसाड गावी बळी ठरणारा आपला एरंड विज्ञानात असा कामी आला.

२०२३ मध्ये तेल अवीवच्या संशोधकांनी तहानलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या झाडांपासून काही अंतरावर मायक्रोफोन ठेवून माणसाला ऐकू न येणारे असेच आवाज पकडले, तासाला तीस ते पन्नास. लगेच 'झाडे रडतात' अशा बातम्या आल्या. झाड रडत नाही हो. जुन्या घराच्या नळात हवा शिरली की नळ ठोके मारतो, तेव्हा तो रडतो का?

झाड या काळात हातावर हात ठेवून बसत नाही, ते पर्णरंध्रे मिटते. पण तीच दारे कार्बन डायऑक्साइडचीही. बंद केली की पाणी वाचते आणि चूल विझते. मोठे झाड साठवलेल्या पिठावर दिवस काढते. रोपाच्या कणगीत चार दिवसांचे असते.

आता दोराच्या खालच्या टोकाकडे येऊ. मातीतले पाणी मुख्यतः कोवळ्या मुळांच्या टोकांशी असलेल्या केसांसारख्या मूलरोमांतून येते. १९३७ मध्ये डिटमर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने राय या गव्हाच्या भाऊबंदाचे चार महिन्यांचे एकच रोप धुऊन मोजले. मुळांची एकूण लांबी सुमारे ६२० किलोमीटर, मूलरोमांची १०,००० किलोमीटरांच्या वर. एका खोक्यातल्या मातीत! हे रोम नाजूक असतात, थोडे दिवस जगतात आणि झाड सतत नवे काढत राहते. रोप गाडीत फेकले, पिशवी आपटून फाडली, मातीचा गोळा फुटला, की हे सगळे तुटते. वर पाने तेवढीच, खाली पकड शून्य. गोळा शाबूत राहिला तरी चकली झालेले मूळ नव्या मातीत शिरत नाही. रोपवाटिकेतले शेणखत-वाळूचे भुसभुशीत मिश्रण भराभर वाळते आणि भोवतालची माती ओली असूनही गोळा कोरडाच राहतो. काळ्या जमिनीत तर फेब्रुवारी-मार्चमध्ये भेगा पडतात आणि उरलीसुरली मुळेही ताणून तोडतात.

पावसाळ्यात यातले काहीच दिसत नाही. हवा दमट असते, ओढ कमी असते, चकलीवाले रोपही टवटवीत दिसते. ऑक्टोबरात त्याची परीक्षा सुरू होते आणि एप्रिलमध्ये निकाल लागतो. रोपाच्या हातात साधारण शंभर दिवस असतात. जमीन वरून वाळत खाली जाते, त्या वाळण्याच्या पुढे मुळाला पोहोचायचे असते. म्हणून ५ जूनला पर्यावरण दिन साधायला मराठवाड्यात रोपे लावणे मला पटत नाही, मोसमी पाऊस तेव्हा तिथे स्थिरावलेला नसतो. आणि १५ ऑगस्टला लावलेल्या रोपाचे निम्मे दिवस आधीच गेलेले असतात.

पाहुण्यांना सहा फुटी रोप आवडते, फोटोत बरे दिसते. मला दीड फुटाचे द्या. पाने जितकी कमी तितकी दोराला ओढ कमी. वनखात्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सागाची लागवड 'सागजडी'ने करतात, म्हणजे वरचे खोड बोटभर ठेवून छाटलेले आणि खाली वीतभर मूळ राखलेले. हे जमिनीत खोचताना पाहणाऱ्याला वाटते, काय ही मेलेली काटकी! पण तिला पानच नसते, त्यामुळे वरून ओढणारे कोणी नसते. ती निवांत फुटते.

मोठी झाडे तेच दरवर्षी करतात. आपल्याकडची पानगळ थंडीची नाही, तहानेची. पळस, काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतात, म्हणजे दोराचे वरचे टोकच सोडून देतात. ताण उतरतो, खोलवरच्या मुळांतून आलेले पाणी खोडात हळूहळू भरत जाते आणि त्या साठ्यावर, पावसाचा टिपूस नसताना, चैत्रपालवी फुटते. भर उन्हात लाल-पोपटी पाने कशी येतात, याचे लहानपणी मला फार नवल वाटायचे. ते आजही कमी झालेले नाही. रोपाकडे मात्र ना ती टाकी, ना ती खोली.

मग निदान पिंपळ तरी लावा, तो चोवीस तास ऑक्सिजन देतो, असा निरोप दर महिन्याला कोणीतरी पाठवते. पानात ऑक्सिजन तयार होतो तो प्रकाशात पाण्याचा रेणू फोडून. रात्री प्रकाश नाही, म्हणून ऑक्सिजन नाही, मग ते झाड पारावरचे असो की कुंडीतले. मुळात हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, तो आपल्या टेकडीवाचून अडलेला नाही. झाड हवे ते दुसऱ्या कारणासाठी. एक लिटर पाणी उडवायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. मुळाशी पाणी असलेल्या मोठ्या डेरेदार झाडाने दिवसात शंभर लिटर उडवले, तर ६८ युनिट उष्णता शोषली गेली. दीड टनाचा एसी सुमारे तेरा तास पूर्ण जोरात चालावा, एवढे ते काम, आणि सावली वेगळी. (आणि हे सगळे माळरानावर करू नका. गवताळ माळ ही पडीक जमीन नव्हे. तिथे झाडे लावून तणमोर या गवताळ रानातल्या पक्ष्याचे घर मोडते.)

उत्साहाचे काय करायचे, तर त्याची तारीख बदलायची. केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये हरित पट्टा चळवळ सुरू केली. तिथे रोपे वाढवणाऱ्या बायकांना मोबदला मिळे तो जगलेल्या रोपामागे. थोडेच पैसे, पण हिशेब योग्य टोकाला धरलेला. आमच्या अकरा जणांना मी तेच सुचवले आहे. जुलैत प्रत्येकाने पाचच रोपे लावायची. लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरायची, बुडाचा बोटभर भाग चकलीसकट कापून टाकायचा. वडापाव आणि फोटो गुढीपाडव्याला.

आणि प्रत्येक रोपाशेजारी एक मडके पुरायचे, तोंडापर्यंत, वर झाकण. हे जुने तंत्र मला फार आवडते. मडक्याच्या भिंतीत छिद्रे असतात. माती ओली असेल तर पाणी आतच राहते. माती वाळली की तीच ते बाहेर ओढते, पान दोर ओढते तशीच. जेवढी तहान तेवढेच पाणी, चावी नाही, तोटी नाही.

गेल्या वर्षी मी गुपचूप सात खड्ड्यांत असे केले होते आणि दर रविवारी कॅन घेऊन जात होतो. मेच्या शेवटच्या रविवारी सातही काड्या निष्पर्ण होत्या. एकेकीजवळ बसून नखाने साल जराशी खरवडली. चार ठिकाणी खाली तपकिरी, कोरडे लाकूड लागले. तीन ठिकाणी नखाला हिरवे लागले, ओलसर.