माझगाव डॉकच्या पाणबुड्या : कील ते शेरबूर, साठ वर्षांच्या करारांची पार्श्वभूमी

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत 'वाघशीर' नौदलात दाखल झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये सही झालेला सहा फ्रेंच आराखड्याच्या स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार एकदाचा हातावेगळा झाला. मूळ वेळापत्रकात पहिली पाणबुडी डिसेंबर २०१२ मध्ये आणि सहावी २०१७ मध्ये मिळणार होती. उशिराचं खापर कधी त्या बांधणाऱ्या मुंबईच्या माझगाव डॉक या गोदीवर, कधी फ्रेंच कंपनीवर, तर कधी दिल्लीतल्या फायलींवर फुटतं. तिघांच्याही वाट्याला थोडं थोडं येतंच. पण या दिरंगाईची बरीचशी मुळं २००५ च्याही मागे जातात, आणि ती शोधायची तर सुरुवात थेट यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून करावी लागते.

चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, शस्त्रखरेदीसाठी आधी अमेरिकेला, मग सोव्हिएत संघाला आणि वर्षाच्या शेवटी ब्रिटनला गेले. नौदलाचा ओढा ब्रिटनकडे होता. अधिकारी तिथेच शिकलेले, जहाजं तिथलीच, आणि हवी होती ती ओबेरॉन वर्गाची पाणबुडी. अडलं ते पैशांपाशी. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला परवडेल असं कर्ज ब्रिटन देईना. सोव्हिएत संघाने लांब मुदतीच्या कर्जावर पाणबुड्या देऊ केल्या आणि सप्टेंबर १९६५ मध्ये करार झाला. पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा बंदरात नौदलात आली. ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन त्यामुळेच. १९७४ पर्यंत या फॉक्सट्रॉट वर्गाच्या आठ पाणबुड्या आल्या. वापरायचं शिकवलं गेलं, बांधायचं नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी सुरुवातीला पाणबुडी परत सोव्हिएत गोदीत न्यावी लागे.

पाणबुडी बांधायला शिकण्याचा पहिला करार ११ डिसेंबर १९८१ चा. पश्चिम जर्मनीतल्या कील शहरातली एचडीडब्ल्यू ही गोदी दोन पाणबुड्या स्वतः बांधणार, दोनांचं साहित्य माझगाव डॉकला पाठवणार आणि आणखी दोनांचा पर्याय खुला राहणार, अशी रचना होती. 'शिशुमार' आणि 'शंकुश' १९८६ मध्ये कीलहून आल्या. त्यांच्या पोटात एक बचावगोल आहे. पाणबुडी तळाला अडकली, तर सगळे कर्मचारी त्यात शिरून पृष्ठभागावर येऊ शकतात. जगातल्या फार थोड्या पाणबुड्यांत ही सोय आहे.

मुंबईतलं खरं शिक्षण झालं ते पोलादाचं. पाणबुडीचं आतलं कवच, ज्याला गोदीत प्रेशर हल म्हणतात, ते ३०० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे ३०० टन भार झेलतं. यासाठी एचवाय-८० प्रकारचं पोलाद लागतं. ८० म्हणजे दर चौरस इंचाला ८० हजार पौंडांपर्यंत न वाकणारं. हे पोलाद साध्या जहाजाच्या पत्र्यासारखं जोडता येत नाही. जोडायच्या कडा आधी तापवाव्या लागतात, इलेक्ट्रोड भट्टीत वाळवून गरम डब्यातूनच वेल्डरच्या हाती द्यावे लागतात. इलेक्ट्रोडच्या लेपात दमटपणा राहिला की त्यातला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि तडा लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी उमटतो. म्हणून अल्ट्रासाउंड आणि क्ष-किरण तपासणी वेल्डिंगनंतर थांबून करायची असते. मुंबईच्या पावसाळ्यात हे सांभाळणं म्हणजे काय, हे गोदीत काम केलेल्या कुणालाही विचारावं. दुसरी अडचण गोलाईची. वेल्डिंगच्या उष्णतेने कडं थोडं ओढलं जातं. काही मिलिमीटरांचा फरकही कवच किती खोलीपर्यंत टिकेल ते ठरवतो. सांधा चुकला तर खरवडून पुन्हा भरावा लागतो आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक त्या भागातलं पोलाद जरा अधिक बिघडतं. असा वेल्डर घडायला वर्षं जातात, आणि हात चालू राहिला नाही तर पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते.

'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात आली. त्यानंतर माझगाव डॉकमधली पाणबुड्या बांधायची शेड रिकामी पडली.

कारण राजकीय होतं. १९८७ च्या सुरुवातीला उरलेल्या दोन पाणबुड्यांची किंमत कमी करण्याची बोलणी चालू होती. जर्मन बाजू खाली येईना, कारण किमतीत ७ टक्के दलाली धरलेली आहे, अशी माहिती बॉनमधल्या भारतीय राजदूतांच्या तारेतून दिल्लीला पोचली. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी एप्रिलमध्ये चौकशीचे आदेश दिले आणि १२ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. चारच दिवसांनी स्वीडिश रेडिओवर बोफोर्सची बातमी आली आणि पाणबुड्यांचं प्रकरण लोकांच्या स्मरणातून मागे पडलं. केंद्रीय अन्वेषण विभागाने पुढे गुन्हा नोंदवला, तपास वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी कुणालाही शिक्षा न होता बंद झाला. पाचवी आणि सहावी पाणबुडी मात्र कधीच झाली नाही. दलाल सापडला नाही, वेल्डर तेवढे पांगले. कुणी आखातात गेले, कुणी तेलाच्या फलाटांवर, कुणी निवृत्त झाले.

मधली पोकळी सोव्हिएत किलो वर्गाने भरली. १९८६ ते २००० या काळात अशा दहा आयत्या आल्या. त्या तगड्या होत्या, पण त्यातून बांधणीचं ज्ञान आलं नाही आणि १९९१ नंतर सुट्या भागांसाठी सोव्हिएत संघाच्या तुकड्यातुकड्यांत पसरलेले कारखाने शोधत फिरावं लागलं.

१९९९ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याचा आराखडा मंजूर केला. दोन वेगळ्या परदेशी भागीदारांबरोबर सहा-सहांच्या दोन रांगा एकाच वेळी चालवायच्या, दोन्हींकडून शिकायचं आणि पुढच्या बारा स्वतःच्या आराखड्याने बांधायच्या, ही कल्पना. कागदावर ती चोख होती. दुसरी रांग आजवर सुरू झालेली नाही.

पहिल्या रांगेचा करार ६ ऑक्टोबर २००५ रोजी झाला. मंजूर खर्च १८,७९८ कोटी रुपये. बातम्यांत 'करार' एकच दिसतो, प्रत्यक्षात कागद अनेक होते. संरक्षण मंत्रालयाने बांधणीचं काम माझगाव डॉकला दिलं. माझगाव डॉकने आर्मारिसशी, म्हणजे डीसीएन आणि थेल्स यांच्या संयुक्त कंपनीशी, आराखडा, तंत्रज्ञान हस्तांतरण आणि मुख्य यंत्रणांचा करार केला. पाण्याखालून सुटणाऱ्या एसएम-३९ एक्सोसे क्षेपणास्त्रांसाठी एमबीडीएशी वेगळा करार झाला. आणि चौथा भाग, ज्याने सगळ्यात जास्त घोळ घातला, तो होता माझगाव डॉकने स्वतः विकत घ्यायच्या साहित्याचा. गोदीत आणि मंत्रालयात याला एमपीएम म्हणतात.

एमपीएममध्ये कोणतीही शोभेची वस्तू नव्हती. पाणबुडी ज्यांच्याशिवाय पुढे सरकत नाही अशी यंत्रं, पंप, झडपा आणि इतर सामग्री त्यात होती. २००५ मध्ये यांच्या किमती अंदाजाने धरल्या गेल्या. पक्की किंमत आणि पुरवठ्याची जबाबदारी ठरली नाही. नंतर मागणी नोंदवायची वेळ आली, तेव्हा विकणाऱ्यांना ठाऊक होतं की आराखडा ठरलेला आहे, यंत्र बदलता येत नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही. दर वाढले. वाढीव दराला मंजुरी द्यायची कुणी, यावर फाइल हिंडत राहिली. २०१० मध्ये एकूण खर्च २३,५६२ कोटींवर नेण्यात आला आणि पहिल्या पाणबुडीची तारीख २०१५ वर गेली. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या कारणांत नवं तंत्रज्ञान आत्मसात करणं, गोदीतल्या सोयी वाढवणं आणि एमपीएमची खरेदी ही तिन्ही होती.

पहिलं पोलाद डिसेंबर २००६ मध्ये कापलं गेलं, म्हणजे 'शंकुल'नंतर बारा वर्षांनी. पोलादही बदललेलं होतं, फ्रेंच ८० एचएलईएस. वेल्डर नव्याने घडवावे लागले. पाच तुकडे स्वतंत्रपणे आतून सजवून ते एकमेकांना जोडण्याचं काम ३० जुलै २०१४ रोजी पार पडलं. या एका पाणबुडीत साधारण ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर नळ्या असतात. बॅटरीचे ३६० सेल, प्रत्येकी सुमारे ७५० किलो, म्हणजे नुसती बॅटरी २७० टनांची. इतक्या दाटीत एक यंत्र उशिरा आलं की त्याच्या पुढ्यातली नळी आणि केबल बसवता येत नाही. बसवली तर ती काढून पुन्हा बसवावी लागते. एमपीएममधल्या एका पंपाचा उशीर वेळापत्रकात पंपापुरता राहत नाही, तो असा. मे २०१६ मध्ये समुद्रचाचण्या सुरू झाल्या आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी नवी 'कलवरी' दाखल झाली. पुढच्या तुलनेने झपाट्याने आल्या: 'खांदेरी' २०१९, 'करंज' आणि 'वेला' २०२१, 'वागीर' २०२३. रांग चालू असली की काय होतं, ते या तारखांत दिसतं.

टॉर्पेडोचं काय झालं, तेही सांगायला हवं. पाणबुडीचा आणि तिच्या मुख्य शस्त्राचा सौदा वेगळा ठेवला होता. निविदेत इटलीतल्या डब्ल्यूएएसएस कंपनीचा ब्लॅक शार्क पुढे आला आणि ९८ टॉर्पेडो घ्यायचे ठरत आले. ही कंपनी फिनमेकानिका समूहातली, आणि त्याच समूहातल्या ऑगस्टा-वेस्टलँडचा अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या हेलिकॉप्टरांचा करार दलालीच्या आरोपांमुळे जानेवारी २०१४ मध्ये रद्द झाला. हेलिकॉप्टरांमुळे टॉर्पेडोही अडकले, २०१६ मध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला, आणि नव्याकोऱ्या पाणबुडीला 'शिशुमार'च्या काळातले जर्मन एसयूटी टॉर्पेडो जुळवून घ्यावे लागले. जुना टॉर्पेडो नव्या पाणबुडीत घालणं म्हणजे नळीत सरकवणं नव्हे. गोळीबार-नियंत्रण यंत्रणेला त्याची भाषा शिकवावी लागते, तारेवरून मिळणाऱ्या सूचना जुळवाव्या लागतात, आणि प्रत्येक बदलासाठी मूळ फ्रेंच कंपनीचं सहकार्य लागतं, म्हणजे पुन्हा पैसे. डीआरडीओच्या नव्या जड टॉर्पेडोच्या जुळणीसाठीही डिसेंबर २०२४ मध्ये नेव्हल ग्रुपशी, म्हणजे नाव बदललेल्या त्याच डीसीएनशी, ८७७ कोटींचा करार करावा लागला. आणि २०२५ च्या अखेरीस मंत्रालयाने ४८ जड टॉर्पेडोंसाठी सही केली ती पुन्हा डब्ल्यूएएसएसशीच. समूहावरची बंदी २०२१ मध्येच उठली होती.

काळ्या यादीचा हा उपाय दोन्ही वेळा आपल्याच अंगाशी आला, असं माझं स्पष्ट मत आहे. १९८७ मध्ये गोदी बसली, २०१६ मध्ये पाणबुडी निःशस्त्र होता होता वाचली. खरेदी प्रक्रियेत आता सचोटी करार असतो, त्यात अनामत जप्त करण्याची आणि दंडाची तरतूद असते. संपूर्ण समूहावर बंदी घालण्यापेक्षा ती वापरणं शहाणपणाचं.

ऑगस्ट २०१६ मध्ये स्कॉर्पिनच्या तांत्रिक माहितीची २२,४०० गोपनीय पानं एका ऑस्ट्रेलियन दैनिकाच्या हाती लागली, त्याचा बराच गवगवा झाला. त्याहून कमी चर्चा झालेली गोष्ट अशी की याच फ्रेंच गोदीने १९९४ च्या करारानुसार पाकिस्तानला तीन अगोस्टा ९०बी पाणबुड्या दिल्या होत्या, एक फ्रान्समधल्या शेरबूरमध्ये बांधून आणि दोन कराचीत. २००२ मध्ये कराचीत झालेल्या बॉम्बस्फोटात याच कामावरचे ११ फ्रेंच कर्मचारी ठार झाले. शस्त्रबाजारात विक्रेता कुणा एकाचा नसतो.

दुसऱ्या रांगेला, पी-७५ आयला, पहिली मान्यता २००७ मध्ये मिळाली आणि निविदा निघाली जुलै २०२१ मध्ये. मुख्य अट हवारहित प्रणोदनाची, म्हणजे एआयपीची: बॅटरी भरण्यासाठी वर न येता पाणबुडी बरेच दिवस पाण्याखाली राहिली पाहिजे, आणि ही यंत्रणा समुद्रात सिद्ध झालेली हवी. या अटीवर नेव्हल ग्रुपने मे २०२२ मध्ये अंग काढून घेतलं. लार्सन अँड टुब्रोबरोबर आलेल्या स्पेनच्या नवांतियाची यंत्रणा जमिनीवर चालून दाखवली गेली, समुद्रात नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो प्रस्ताव बाद झाला. उरले माझगाव डॉक आणि जर्मनीची टीकेएमएस. टीकेएमएस म्हणजे कीलची तीच जुनी एचडीडब्ल्यू, २००५ मध्ये थिसेनक्रुपमध्ये सामावलेली.

यातला वादाचा मुद्दा एआयपीपेक्षा जबाबदारीचा होता. बांधणी भारतीय गोदीत, कामगार भारतीय, देखरेख भारतीय, पण पाणबुडीच्या कामगिरीची हमी परदेशी भागीदाराने घ्यायची, असं निविदेचं स्वरूप. परदेशी कंपन्यांचं म्हणणं, ज्या गोदीवर आमचा ताबा नाही, तिथल्या वेल्डिंगची हमी आम्ही कशी द्यावी? नौदलाचं म्हणणं, हमी नसेल तर पाणबुडी खोलीवर गेल्यावर सांधा उघडला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील. दोन्ही बाजू रास्त आहेत, म्हणून प्रस्ताव देण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत ऑगस्ट २०२३ पर्यंत गेली. स्वदेशी हिस्सा पहिल्या पाणबुडीत ४५ टक्के आणि सहाव्या पाणबुडीत ६० टक्के हवा, अशी पायरीही त्यात आहे. तो हिस्सा रुपयांत मोजायचा असल्याने साध्या पोलादकामानेही बराच भरून निघतो, आणि मोटर, सोनार, पेरिस्कोप बाहेरूनच येत राहतात.

स्वतःची एआयपी अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत तयार होते आहे. फॉस्फरिक आम्लाच्या इंधनघटावर चालणाऱ्या या यंत्रणेची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये झाली. ती स्कॉर्पिनमध्ये बसवायची तर पाणबुडी मधोमध कापून नवा तुकडा घालावा लागणार. त्या तुकड्याच्या बांधणीचं सुमारे १,९९० कोटींचं काम डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकला मिळालं. लांबी वाढली की वजनाचा तोल, उतरंडीचा कोन आणि वळण्याची त्रिज्या सगळंच नव्याने मोजावं लागतं, आणि कवचावर आणखी दोन गोल सांधे येतात. ते घालणारे वेल्डर सध्या गोदीत आहेत.